वारा, पाणी आणि पूर्वतयारी
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



साहित्य, संगीत, नाट्य अशा रसाळ विषयांच्या पंक्तीत वादळ आणि पूर हा रुक्ष विषय मी निवडला, याचे काहींना नवल वाटले असेल. मी हवामानशास्त्रज्ञ नव्हे. कलाशाखेचा पदवीधर आणि केंद्र सरकारच्या सेवेत अनेक वर्षे कागदांशी संसार केलेला माणूस आहे. पण त्या कागदांनी एक गोष्ट शिकविली. आपत्तीनंतर लिहिले जाणारे अहवाल जाडजूड असतात. आपत्तीपूर्वी करावयाच्या कामांची यादी मात्र एका पानात मावते. ते एक पान आपल्यापुढे ठेवावे, एवढाच आजचा हेतू.

आपण राहतो ते बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर. येथे मोठी नदी नाही, समुद्र नाही. मग येथे पूर कसा यावा? याचे उत्तर शहराच्या घडणीत आहे. बंगळूर हे एका उंचवट्यावर वसले आहे आणि त्याचे पाणी वृषभावती, कोरमंगल-चल्लघट्ट आणि हेब्बाळ या खोऱ्यांनी खाली उतरते. पूर्वजांनी या उतारांवर तळ्यांची साखळी बांधली. एक तळे भरले की त्याचे पाणी सांडव्यावरून, राजकालुवे म्हणतात त्या मोठ्या नाल्यांतून, पुढच्या तळ्यात जावे, अशी ती योजना होती. पुढे धर्मांबुधी तळ्याच्या जागी मॅजेस्टिकचे बसस्थानक आले, संपंगी तळ्याच्या जागी कंठीरव क्रीडांगण आले. तळी गेली, नाले आक्रसले. पण उतार होता तेथेच राहिला. पाणी आपली जुनी वाट विसरत नाही.

सप्टेंबर २०२२ मध्ये याचा प्रत्यय आला. एका दिवसात सुमारे १३० मिलिमीटर पाऊस झाला आणि बेळ्ळंदूर, सर्जापूर रस्ता या भागांतील उंची घरांतून माणसांना ट्रॅक्टर आणि नावांतून बाहेर काढावे लागले. त्याच वेळी मंड्या जिल्ह्यातील टी. के. हळ्ळी येथील उदंचन केंद्रात पाणी शिरले आणि कावेरीचा पुरवठा विस्कळीत झाला. दारात कमरेइतके पाणी आणि नळाला थेंब नाही, अशी अवस्था अनेकांनी भोगली. पुढील वर्षी, २१ मे २०२३ रोजी, के. आर. सर्कलच्या भुयारी मार्गात साचलेल्या पाण्यात मोटार अडकून एका तरुणीचा अंत झाला. तो पाऊस दिवसभराचा नव्हता. वळिवाची एक सर होती.

येथे पुरांतील एक भेद ध्यानी घेतला पाहिजे. आपल्यापैकी पुष्कळ मंडळी सांगली-कोल्हापूरची आहेत. कृष्णा चढू लागली की सांगलीत जो तो विचारतो, ‘आयर्विनला किती फूट?’ पंचेचाळीस फूट ही तेथील धोक्याची पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी सत्तावन्न फुटांवर गेले. तो पूर भयंकर खरा, पण नदीचा पूर हा पायरीपायरीने येतो, सांगून येतो. अकस्मात येणारा पूर सांगत नाही. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. त्याच दिवशी कुलाब्याला अवघा ७३. दक्षिण मुंबईत बसलेल्या माणसाला उपनगरांत काय चालले आहे याची कल्पनाही येऊ नये, इतका हा फरक! मोटारीच्या काचा लावून पाणी ओसरण्याची वाट पाहत बसलेली माणसे गुदमरून गेली.

मिलिमीटर हा शब्द लहान वाटतो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. शंभर मिलिमीटर पाऊस एका चौरस किलोमीटरवर पडला, तर ते दहा कोटी लिटर होते. माती असेल तर ती काही पिऊन घेते. सिमेंट काहीच पीत नाही. वाहते पाणी वीतभर खोल असले तरी माणसाचा पाय उचलते. फूटभर असले की लहान मोटार तरंगू लागते. म्हणून पहिला नियम हा की, वाहत्या पाण्यात पाऊल वा वाहन घालू नये. ऑफिसला उशीर झाला तर रजेचा अर्ज देता येतो.

आता वाऱ्याकडे वळू. अमेरिकेकडे ज्याला हरिकेन म्हणतात, तेच आपले अतितीव्र चक्रीवादळ. वाऱ्याचा वेग ताशी ११८ किलोमीटरला पोहोचला की ती पायरी येते. वेग दुप्पट झाला तर वाऱ्याचा दाब दुप्पट नव्हे, चौपट होतो. बंगळूर समुद्रापासून दूर असल्याने येथे ते रौद्र रूप दिसत नाही. येथे एप्रिल-मेमधील वादळी वारे झाडे पाडतात आणि फांदीखाली उभी केलेली गाडी व माणूस दोन्ही सापडतात. पण आपली माणसे समुद्राकाठी आहेत. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, दापोली येथील नारळीपोफळीच्या बागा काही तासांत आडव्या झाल्या. जे झाड फळाला यायला पाच-सात वर्षे लागतात, ते पडायला पाच-सात मिनिटेही लागली नाहीत. विजेचे खांब कोसळले, टेलिफोनचे मनोरे मुके झाले.

त्या दिवसांत टाळेबंदीमुळे गावी जाणे अशक्यप्राय होते. येथे बसलेला मुलगा फोन लावतो आहे आणि कोकणातल्या आईचा फोन लागत नाही, हे दुःख परगावी राहणाऱ्या माणसालाच कळेल. आईचा क्रमांक त्याला तोंडपाठ होता. पण शेजाऱ्याचा, पोलीस पाटलाचा, तालुक्याच्या गावच्या एखाद्या दुकानदाराचा क्रमांक किती जणांजवळ होता? पुढच्याच वर्षी, २२ जुलै २०२१ रोजी, चिपळूण आणि महाड पाण्याखाली गेले, तेव्हा हाच प्रश्न पुन्हा उभा राहिला.

तयारीने खरोखर काही साधते का, असे विचारणारे विचारतात. त्यांनी ओडिशाकडे पाहावे. ऑक्टोबर १९९९ च्या महावादळात तेथे सुमारे दहा हजार माणसे दगावली. त्यानंतर निवारे बांधले गेले, गावोगाव स्वयंसेवक शिकविले गेले, इशारा शेवटच्या घरापर्यंत पोहोचविण्याची व्यवस्था झाली. ऑक्टोबर २०१३ मध्ये ‘फायलिन’ आले, तेव्हा सुमारे दहा लाख माणसे आधीच हलविली गेली आणि मृतांची संख्या शंभराच्याही आत राहिली. समुद्र तोच होता, किनारा तोच होता. बदलली ती माणसांची शिस्त.

उलट उदाहरणही आपल्याच मातीतले आहे. २०१९ च्या पुरात पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे सुटकेसाठी निघालेल्या माणसांनी भरलेली नाव उलटली आणि अनेकांचे प्राण गेले. उशिरा निघावे लागणे हाच पुरातील मोठा धोका असतो. घर सोडण्याचा सल्ला मिळाला की सामानाचा मोह सोडून रस्ता कोरडा आहे तोवर निघावे.

आता ते एक पान.

इशारा ओळखावा. हवामान खाते पिवळा, नारिंगी आणि लाल असे रंग देते. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे सज्ज व्हा, लाल म्हणजे कृती करा. लाल इशाऱ्याच्या दिवशी सज्जता सुरू करणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे होय.

घर पाहावे. विजेचे मेन स्विच कोठे आहे, हे घरातील प्रत्येकास ठाऊक असावे. पाणी चढू लागताच, आपण कोरड्यात उभे असताना, ते बंद करावे. गॅसची टाकीही बंद करावी. तळघरात पाणी शिरत असता गाडी काढण्यास उतरू नये आणि लिफ्ट वापरू नये. जमिनीखालच्या संपमध्ये पुराचे पाणी मिसळले, तर तो उपसून स्वच्छ केल्याविना त्यातले पाणी पिऊ नये. पुराच्या पाण्यातून चालावे लागले आणि मागाहून ताप आला, तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगावे. लेप्टोस्पायरोसिस त्या वाटेने येतो.

एक पिशवी भरून ठेवावी. औषधे, विजेरी, पिण्याचे पाणी, कोरडा खाऊ, रोख पैसे, महत्त्वाच्या कागदांच्या प्रती आणि क्रमांक लिहिलेला कागद. क्रमांक कागदावरच हवेत. भ्रमणध्वनीची बॅटरी संपली की त्यातली सारी माणसे अंतर्धान पावतात.

गावाकडील घरासाठी मे महिन्यातच कौले बसवून घ्यावीत, पत्रे आवळून घ्यावेत, वाळक्या फांद्या उतरवाव्यात. आणि वडीलधाऱ्यांना एक गोष्ट नक्की सांगावी. वादळाचा मध्य डोक्यावर आला की वारा एकाएकी पडतो. ती शांतता फसवी असते. थोड्याच वेळात तो उलट दिशेने तितक्याच जोराने येतो. तेवढ्यात बाग पाहायला बाहेर पडू नये.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. आपल्यापैकी अनेकांचे आईवडील गावाहून येथे येऊन राहतात. मुलगा-सून कामावर गेली की ती दोघे दिवसभर घरात एकटी असतात. त्यांना कन्नड येत नाही. कितवा मेन, कितवा क्रॉस, हे त्यांना सांगता येत नाही. ११२ हा क्रमांक त्यांनी फिरविला, तरी पुढे बोलणार काय? म्हणून घराचा पत्ता आणि जवळची खूण कन्नड लिपीत व देवनागरीत लिहून दाराजवळ लावावी आणि ती दोन वाक्ये त्यांच्याकडून म्हणवून घ्यावीत. शेजारच्या कन्नड कुटुंबाशी त्यांची ओळख करून द्यावी. संकटाच्या घटकेला महाराष्ट्रातला भाऊ पोहोचणार नाही. शेजारच्या मजल्यावरचे अण्णा आणि अक्काच पोहोचतील.

या मंडळाने पन्नास वर्षे गणेशोत्सव केला, नाटके केली, कोजागरीचे दूध आटविले. या साऱ्यांतून एक वस्तू तयार झाली आहे, ती म्हणजे सभासदांची यादी. माझी विनंती एवढीच की, दरवर्षी मे महिन्यात त्या यादीत तीन रकाने भरून घ्यावेत. कोणाचे घर सखल भागात आहे. कोणाकडे वृद्ध माणसे दिवसा एकटी असतात. आणि कोणाकडे वरच्या मजल्यावर एका कुटुंबाला दोन रात्री ठेवता येईल. चौथा रकाना गावाकडचा असावा: गावाचे नाव आणि तेथील दोन शेजाऱ्यांचे क्रमांक. एकाच तालुक्यातील चार कुटुंबे येथे असतील, तर एकाला लागलेला फोन चौघांच्या घरचे कुशल कळवील. या कामास निधी लागत नाही, सभागृह लागत नाही. एक वही आणि दोन उत्साही कार्यकर्ते पुरेत.

वारा आणि पाणी आपल्या हाती नाहीत. ती वही आपल्या हाती आहे. येत्या मे महिन्यात तिच्यात पहिले नाव माझे लिहून घ्यावे, अशी विनंती आहे.