आडवं झालं की दुखायचं

आज कोडबद्दल काही नाही. आज माझ्या मणक्यातून काढलेल्या गाठीबद्दल बोलतो.

दोन वर्षांपूर्वी उजवी मांडी दुखायला लागली. मी दिवसभर लॅपटॉपसमोर, त्यामुळे सगळ्यांचं निदान तयारच होतं: खुर्ची बदल. आई म्हणाली, "रात्री फोन बघत लोळत असतोस, म्हणून." महागडी खुर्ची घेतली, फिजिओथेरपी केली, एक्स-रे काढला. नॉर्मल. एक्स-रेमध्ये हाडं दिसतात, नस दिसतच नाही, हे मला तेव्हा कुठे माहीत!

खरी गोष्ट वेगळीच होती. बसलो की बरं वाटायचं, आडवं झालं की कळ. आठ महिने मी त्या खुर्चीतच झोपत होतो. कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. शेवटी एका न्यूरोसर्जननी पहिलाच प्रश्न तो विचारला, "दुखण्याने रात्री जाग येते का?" डिस्कचं दुखणं बऱ्याचदा पडून राहिलं की कमी होतं. माझं उलट होतं. कॉन्ट्रास्ट देऊन एमआरआय केला, तर दुसऱ्या लंबर मणक्याच्या पातळीवर २ सेंटीमीटरची गाठ उजळून दिसली.

श्वानोमा. नसेवर वायरच्या इन्शुलेशनसारखं आवरण असतं, ते बनवणाऱ्या पेशींची गाठ. बहुतेक वेळा कॅन्सर नसतो. पण जागा वाईट. मज्जारज्जू साधारण पहिल्या-दुसऱ्या लंबर मणक्यापाशी संपतो, त्याखाली घोड्याच्या शेपटीसारखा नसांचा झुपका असतो. पाय, लघवी, संडास, सगळ्याच्या तारा त्यातूनच जातात. संमतीपत्रावर सही करताना हात थरथरला, खोटं कशाला सांगू.

डॉक्टर म्हणाले, श्वानोमा एखाद-दुसऱ्या धाग्यातून वाढतो आणि बाकीचे बाजूला सारतो, म्हणून सोडवता येतो. न्यूरोफायब्रोमात धागे गाठीतच गुंतलेले असतात, ते काम जास्त अवघड. ऑपरेशनमध्ये मणक्याचं मागचं थोडं हाड काढून, मायक्रोस्कोपखाली आतलं आवरण उघडलं. पायांच्या स्नायूंत सुया लावलेल्या होत्या. गाठीच्या धाग्याला आधी बारीक करंट दिला. स्नायू हलला असता तर धागा कामाचा. नाही हलला, मग कापला. प्रॉडक्शनवर काही डिलीट करताना मी एवढी खात्री कधी केली नव्हती.

तळहाताएवढी मांडी अजून बधिर आहे. ठीक आहे. पण पाय लुळा पडायला लागला, लघवी अडकली किंवा बसायच्या जागी बधिरपणा आला, तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

मी आता पलंगावर झोपतो. खुर्ची मात्र विकायची आहे, कुणाला हवी असेल तर मेसेज करा.