गायक आणि गायरान

गायकाचे चरित्र सांगताना गुरू, तालीम, मैफली आणि मानसन्मान असा क्रम लावण्याची आपल्याकडे रीत आहे. कर्नाटक संगीतातील गायक टी. एम. कृष्णा यांच्या बाबतीत हा क्रम सहज लावता येतो. परंतु तेवढ्याने त्यांच्या कारकिर्दीचे मर्म हाती लागत नाही. ते शोधावयाचे, तर चेन्नईच्या उत्तर टोकास असलेल्या एन्नोरच्या खाडीपर्यंत जावे लागते.

कृष्णा यांचा जन्म २२ जानेवारी १९७६ रोजी मद्रास येथे झाला. भागवतुल सीताराम शर्मा हे त्यांचे पहिले गुरू. पुढे चेंगलपेट रंगनाथन आणि वयोवृद्ध सेम्मंगुडी श्रीनिवास अय्यर यांच्यापाशी त्यांनी विद्या घेतली. वयाच्या बाराव्या वर्षी म्युझिक अकादमीत त्यांचे पहिले गायन झाले. अर्थशास्त्राची पदवी घेऊनही त्यांनी गाणे हाच व्यवसाय पत्करला आणि तरुणपणीच ते आघाडीच्या गायकांत गणले जाऊ लागले.

येथवरचा मार्ग रूढ होता. पण यश मिळत असतानाच त्यांना काही प्रश्न पडू लागले. आरंभी वर्णम्, मध्यभागी मुख्य कृती, त्यानंतर मृदंगाचे एकलवादन आणि अखेरीस हलकीफुलकी पदे, हा कर्नाटक मैफलीचा क्रम विसाव्या शतकात रुळला. त्याचे श्रेय बहुधा अरियकुडी रामानुज अय्यंगार यांना दिले जाते. कृष्णा यांनी हा क्रम मोडला. जे वर्णम् इतर गायक प्रारंभी आटोपतात, ते त्यांनी मैफलीच्या मध्यावर विस्ताराने मांडले. मग प्रश्न अधिक खोल गेला. सभागृहात बसणारे कोण, आणि बाहेर राहिलेले कोण? २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी ग्रंथात त्यांनी या संगीताचा आणि जातिव्यवस्थेचा संबंध परखडपणे तपासला. २०१५ साली त्यांनी चेन्नईच्या सुप्रसिद्ध डिसेंबर हंगामात यापुढे न गाण्याचा निर्णय जाहीर केला. त्याच सुमारास ऊरूर ओल्कॉट कुप्पम् या मच्छीमार वस्तीत कलामहोत्सव सुरू झाला, त्यात त्यांचा पुढाकार होता. २०१६ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुढे २०२० साली त्यांनी मृदंग घडविणाऱ्या कारागिरांवर पुस्तक लिहिले. वाद्यावरील कातडे कमावणारे हात ज्या समाजाचे, त्या समाजाला मैफलीत मात्र स्थान नाही, ही विसंगती त्यांनी त्यात उघड केली.

आता एन्नोरकडे वळू. कोसस्तलैयार नदी येथे समुद्रास मिळते. खाडीतील मासळी आणि कोळंबी यांवर येथील कोळ्यांच्या पिढ्या जगल्या. १९७० साली येथे औष्णिक वीजकेंद्र उभे राहिले. पुढे आणखी वीजकेंद्रे, रासायनिक कारखाने आणि २००१ साली बंदर आले. कोळशाची राख पाण्यात मिसळून खाडीच्या तळाशी साचली. पात्र उथळ झाले, मासळी घटली, आणि पावसाळी पुराचे पाणी समुद्रात वाहून नेण्याची खाडीची शक्तीही क्षीण झाली. डिसेंबर २०१५ च्या महापुराने ग्रासलेल्या चेन्नईच्या दृष्टीने ही गोष्ट किरकोळ नव्हती.

जानेवारी २०१७ मध्ये कृष्णा यांनी या परिसरात चित्रित झालेले एक गीत सादर केले. त्याचे शब्द कबेर वासुकी यांचे असून ते चेन्नईच्या बोलीतील तमिळमध्ये आहेत. पर्यावरण कार्यकर्ते नित्यानंद जयरामन यांचा या उपक्रमात मोठा वाटा होता. गीताचा विषय होता ‘पोरंबोक्कु’. महसुलाच्या दप्तरात हा शब्द शेतसारा न भरणाऱ्या सामाईक जमिनीसाठी येतो. आपल्याकडील गायरान, तळी, खाडीकाठ यांसारखी ही भूमी सर्वांच्या उपयोगाची आणि कोणा एकाच्या मालकीची नव्हे. पण बोलण्यात हाच शब्द ‘कवडीमोलाचा माणूस’ अशी शिवी होऊन बसला. जी जमीन सर्वांची, ती निरुपयोगी; आणि जी निरुपयोगी, तिच्यावर राख टाकावयास हरकत नाही, अशी ही विचारसरणी आहे. गीताने तिलाच हात घातला. शिवी ठरलेला शब्द शास्त्रोक्त रागमालिकेत गुंफला गेला, आणि चित्रात गायकाच्या पाठीमागे दिसतात त्या वीजकेंद्राच्या चिमण्या.

अशा गायनाची किंमतही द्यावी लागते. ख्रिस्ती भक्तिगीते गाण्याच्या प्रश्नावरून २०१८ साली वाद झाला, तेव्हा दरमहा येशू किंवा अल्लाह यांच्याविषयी एक गीत सादर करण्याचे कृष्णा यांनी जाहीर केले. त्याच वर्षी नोव्हेंबरात दिल्लीतील त्यांचा एक नियोजित कार्यक्रम ऐनवेळी लांबणीवर पडला. तेव्हा दिल्ली सरकारने त्यांचे गायन घडवून आणले. येथे अमेरिकेचे पॉल रोबसन आठवतात. खर्ज स्वराच्या या कृष्णवर्णीय गायकाने मजुरांची आणि आपल्या वंशाची बाजू घेतली. १९५० साली त्यांचे पारपत्र काढून घेण्यात आले, तेव्हा १९५७ मध्ये त्यांनी समुद्राखालून गेलेल्या दूरध्वनीच्या तारेवरून वेल्सच्या खाणकामगारांना गाणे ऐकविले. पारपत्र परत मिळाले ते १९५८ साली. म्युझिक अकादमीने २०२४ साली कृष्णा यांची ‘संगीत कलानिधी’ या सन्मानासाठी निवड केली, तेव्हाही काही कलावंतांनी तीव्र विरोध केला आणि वाद न्यायालयापर्यंत गेला.

गाण्याने खाडी स्वच्छ झाली, असे मात्र कोणी म्हणू नये. गीत प्रसिद्ध झाले त्याच महिन्यात, २८ जानेवारी २०१७ रोजी, बंदराबाहेर दोन जहाजांची टक्कर होऊन किनाऱ्यावर तेल पसरले. डिसेंबर २०२३ च्या चक्रीवादळात पुन्हा तेल खाडीत शिरले आणि कोळ्यांच्या नावा व जाळी काळवंडली. राख उपसणे हे शासनाचे आणि कारखान्यांचे काम आहे. ते गायकाच्या गळ्याने होणारे नाही.

मग गायकाने काय साधले? संगीताचे सभागृह कोणा एका जातीचे नसते आणि खाडी कोणा एका कारखान्याची नसते, या दोन गोष्टी मुळात एकच आहेत, हे त्यांनी दाखवून दिले. राग हेही एका अर्थाने गायरानच आहे. अनेक पिढ्यांनी ते राखले, म्हणून आज ते गाता येते. ज्याने या सामाईक धनावर आपले आयुष्य उभारले, त्याने दुसऱ्या सामाईक धनाच्या रक्षणासाठी आवाज द्यावा, यात कारकिर्दीचा मार्ग सोडल्याचा दोष नाही. तो त्या विद्येचे ऋण फेडण्याचाच एक प्रकार होय.