कळसूची अट

(पुण्यातील एका महिला मेळाव्यात केलेले भाषण)



मी डोंगर चढायला लागले ती वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी. त्याआधी एका गिर्यारोहण मंडळात चौकशी केली होती. 'मुक्कामाच्या मोहिमेत बायकांची जबाबदारी आम्ही घेत नाही,' असे उत्तर मिळाले. जबाबदारी मागितली होती कुणी? मला वाट हवी होती. शेवटी आम्ही सहाजणी शिवाजीनगरला एसटीत बसलो आणि संगमनेर, अकोले, राजूर करीत कळसूबाईच्या पायथ्याच्या बारी गावी पोचलो.

कळसूबाई म्हणजे महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटर. आणि ते एका बाईच्या नावाचे! १८८४ च्या अहमदनगर गॅझेटिअरमध्ये तिची कथा नोंदलेली आहे. कळसू ही कोळ्याची पोर, तिला रानावनात भटकायची आवड. एका कुणब्याच्या घरी ती कामाला राहिली ती अट घालून : भांडी घासणार नाही, केर काढणार नाही. एक दिवस तेच काम तिला सांगितले गेले. तिने ते केले, आणि उठून डोंगरावर निघून गेली, ती कायमची. भांडी घासली आणि केर टाकला, त्या जागांनाही त्यावरून नावे पडली. लोकांनी पुढे तिची देवी केली. अट मात्र विसरले.

आम्ही ज्या घरी उतरलो, तिथली बाई पहाटे दोन हंडे पाणी आणून, भाकऱ्या थापून आमच्याआधी डोंगराला लागली. वाटेवर ती लिंबूसरबत विकते. लोखंडी शिड्यांपाशी आम्ही धापा टाकत बसलो, तेव्हा तिने विचारले, "ताई, काही काम नसताना चढता व्हय?" मी म्हटले, "वर मोकळं वाटतं." ती हसली. म्हणाली, "मी रोज चढते. पण माथ्यावर नुसती बसले नाही कधी. नवरात्रात जाते, ती बी निवद घेऊन."

उतरताना ते वाक्य माझ्या पायांत घोटाळत होते. कळसू निघून गेल्यावर त्या घरची भांडी कुणी घासली असतील? दुसऱ्या बाईनेच. मी दोन दिवस डोंगरात होते, तेव्हा माझी भांडी सासूबाईंनी घासली आणि केर कामाच्या बाईंनी काढला. घरातल्या दोन धडधाकट पुरुषांना मी काही सांगितलेच नव्हते. मग माझे मोकळे होणे कुणाच्या जिवावर?

आणखी एक. डोंगराला बाईचे नाव आहे, पण पायथ्याच्या जमिनीवर बाईचे नाव आहे का? २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार विवाहितांचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे व्हायला हवा. डोंगरात जाल तेव्हा तिथल्या बायकांना हे जरूर विचारा. नुसती वाट विचारून परत येऊ नका.

डोंगरावर जरूर जा. पायांवर विश्वास बसतो, अंधाराची भीती कमी होते, हे मी अनुभवाने सांगते. पण निघण्यापूर्वी कळसूची अट घरात बोलून दाखवा. सासूला नव्हे, कामाच्या बाईला नव्हे. जो ताटावरून हात धुऊन उठतो, त्याला सांगा.