कंडक्टरचा जिना

आज अभियंता झालेल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

मी मधुमेहाचा डॉक्टर. पंचवीस वर्षांपूर्वी माझ्यापुढच्या बाकावर साठी गाठलेली माणसं असत. आता तिशीतली मुलं येतात, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र तसंच. म्हणून आज तुमच्या शरीराविषयीच बोलणार आहे.

१९५३ साली जेरी मॉरिस या लंडनच्या डॉक्टरनं दुमजली बसवरच्या कामगारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बस तीच, रस्ता तोच. ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर तिकिटांसाठी दिवसभर जिना चढतोय-उतरतोय. हृदयविकार कंडक्टरांत कमी निघाला. मॉरिस तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी गणवेशांची मापं तपासली, तर ड्रायव्हरांच्या पँटी कमरेला मोठ्या. म्हणजे फरक जाडीमुळेही असू शकतो; सगळं श्रेय जिन्याला देता येईना. मग त्यांनी सरकारी कचेऱ्यांतले हजारो पुरुष कर्मचारी निवडले. काम सगळ्यांचंच बैठं, जिना कुणाच्याच नोकरीत नाही. तरीही मोकळ्या वेळात जे पोहत, भरभर चालत, बागेत घाम गळेपर्यंत खणत, त्यांच्यात हृदयविकार कमी आढळला.

मुलांनो, तुम्ही त्या कचेरीतले आहात. तुमच्या आजोबांना शेतानं, आजीला विहिरीनं आणि जात्यानं जे न मागता दिलं, ते तुमची नोकरी देणार नाही. शाळेत पीटीचा तास होता, मैदानावर हाकलणारे सर होते. आजपासून हजेरी घेणारं कुणी नाही.

आपल्याकडे यात आणखी एक पेच आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी काढलेला फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचाही बीएमआय २२.३. तक्त्यात पाहाल तर वजन अगदी प्रमाणात. पण अंगातली चरबी मोजली, तर मॅरेथॉन धावणाऱ्या युडकिन यांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२. भारतीय माणूस दिसायला बारीक आणि आतून चरबीचा असू शकतो. त्याची मुळं आईच्या पोटातल्या पोषणापर्यंत जातात, हे याज्ञिकांच्याच पुण्यातल्या संशोधनानं दाखवलं. तेव्हा ‘मी तर किती बारीक आहे’ या समाधानावर विसंबू नका.

आता एक गोष्ट स्पष्ट करतो. जबाबदारी घ्या म्हणतो, तेव्हा आजारी माणसाला मी दोष देत नाही. माझे वडील मधुमेही होते. माझीही साखर बेचाळिसाव्या वर्षी वाढलेली निघाली. ती आनुवंशिकता मी निवडली नव्हती. पण रात्री साडेदहाचं जेवण मी निवडलं होतं, आणि दोन मजल्यांसाठी लिफ्टही मीच निवडली होती. ते दोन्ही सोडणं माझ्याच हातात होतं. बायकोच्या नाही, माझ्या डॉक्टरच्याही नाही. त्याला फार मोठं मनोबल लागलं नाही. जेवणाची वेळ ठरवावी लागली आणि ती मोडायला नकार द्यावा लागला. तुमच्यातले काहीजण चार-पाच वर्षांत टीमचे प्रमुख व्हाल. तेव्हा रात्री नऊची मीटिंग लावताना समोरच्याच्या ताटाचा विचार करा. तीसुद्धा जबाबदारीच आहे.

आठवड्याला किमान १५० मिनिटं भरभर चालण्याइतका व्यायाम जागतिक आरोग्य संघटना सुचवते. दिवसाला अर्धा तासही पडत नाही.

आज घरी गेल्यावर पदवी भिंतीवर लावाल, पेढे वाटाल, जरूर वाटा. नंतर शिवणाची टेप घ्या आणि श्वास सोडून बेंबीच्या जरा वर कंबर मोजा. भारतीय पुरुषासाठी ९० सेंटीमीटर आणि स्त्रीसाठी ८० ही धोक्याची रेघ मानतात. आलेला आकडा आजच्या तारखेसह लिहून ठेवा, आणि पुढच्या वर्षी याच तारखेला पुन्हा मोजा.