वजन नॉर्मल, मग लिव्हरवर चरबी कुठून आली?

आजचा भाग ऐकताना पोट आत ओढून बसायची गरज नाही. आपल्याकडे कॅमेरा नाहीये.

तुम्हाला माहितीये, मी सोनोग्राफी करते. अंधाऱ्या खोलीत बसून दिवसभर लोकांच्या पोटात बघायचं. उजव्या बाजूला बरगड्यांपाशी प्रोब टेकवला की लिव्हर आणि उजवी किडनी शेजारी-शेजारी दिसतात. निरोगी माणसात दोन्हींचा करडा रंग साधारण सारखाच असतो. लिव्हरमध्ये चरबी भरली की ते किडनीपेक्षा पांढरट, चकचकीत दिसायला लागतं. मग मी रिपोर्टमध्ये लिहिते, 'ग्रेड १ फॅटी लिव्हर'. आणि पंचविशीतला मुलगा उठून बसत म्हणतो, "पण मॅडम, मी जाड कुठेय? आणि दारूला तर हातही लावत नाही."

खरं असतं त्याचं. हातपाय बारीक, वजन नॉर्मल. फक्त नाभीपाशी शर्टाचं एक बटण ताणलेलं असतं. सगळा मामला त्या बटणाचा आहे.

२००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा एक फोटो छापून आला. एक आपल्या पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय, म्हणजे वजन आणि उंचीचं ते गणित, अगदी सारखा: २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. दुपटीहून जास्त! युडकिन मॅरेथॉन पळायचे, आणि आपला व्यायाम म्हणजे हॉस्पिटलच्या लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत धावणं, असं याज्ञिकांनी गमतीत लिहिलंय. मला हे फार आवडतं.

पण फक्त आळसावर खापर फोडू नका. याज्ञिकांच्याच टीमने १९९३ पासून पुण्याजवळच्या गावांमधल्या गरोदर बायका आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. आपली बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा बरीच हलकी निघाली. स्नायू कमी, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून. म्हणजे 'बारीक पण चरबीदार' ही आपली ठेवण जन्मापासूनची आहे.

आता पोट आणि लिव्हरचं नातं. चिमटीत येते ती कातडीखालची चरबी. ती त्यातल्या त्यात साधी. शरीराची ती कोठी आहे. कोठी भरली, की जास्तीचा माल आतड्यांभोवती साठतो आणि लिव्हरमध्येही घुसतो. आतड्यांभोवतीच्या या चरबीतलं रक्त पोर्टल व्हेन नावाच्या मोठ्या शिरेतून थेट लिव्हरमध्ये जातं, वाटेत कुठे थांबा नाही. त्यात इन्सुलिनचं ऐकू येईनासं झालं, की चरबीच्या पेशी फॅटी ॲसिड रक्तात सोडत राहतात. तेही लिव्हरच्याच दारात.

"मग तेलकट बंद करू?" हा नेहमीचा प्रश्न. २००५ च्या एका अमेरिकन अभ्यासात फॅटी लिव्हरच्या रुग्णांमधली ही चरबी कुठून येते ते शोधलं होतं. साधारण ५९ टक्के रक्तातल्या फॅटी ॲसिडची, २६ टक्के लिव्हरने स्वतः बनवलेली, मुख्यतः साखर आणि पिष्टापासून. थेट जेवणातल्या तेला-तुपाची? फक्त १५ टक्के. तेव्हा भजी सोडली आणि कोल्ड्रिंकची बाटली चालूच ठेवली, तर लिव्हरला फार फरक पडत नाही.

मोजायचं कसं? जीन्सचा नंबर सांगू नका. जीन्स आपण पोटाच्या खाली घालतो! शिंप्याची टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडून मोजा. भारतीय पुरुषात ९० सेंटीमीटर, बाईत ८० सेंटीमीटर ही धोक्याची रेषा. २०२३ मध्ये या आजाराचं नाव बदललं, तेव्हा निदानाच्या निकषांमध्ये कमरेचा घेरही आला.

आणि 'ग्रेड १ आहे, सगळ्यांनाच असतं' असं कुणी म्हटलं तर लगेच निर्धास्त होऊ नका. लिव्हर दुखत नाही. एसजीपीटी नॉर्मल असूनही चरबी असू शकते. माझ्या सोनोग्राफीत थोडी चरबी सुटूनही जाते, आणि ग्रेड फक्त चरबीचा असतो. लिव्हर कडक व्हायला लागलंय का, ते त्यावरून कळत नाही. त्यासाठी फायब्रोस्कॅन असतो. तो तुम्हाला लागेल का, हे तुमच्या फिजिशियनना विचारा. सोबत साखर आणि कोलेस्टेरॉलचे रिपोर्ट न्या.

चांगली बातमी अशी, की ही चरबी उतरते. वजन जास्त असेल तर ७ ते १० टक्के कमी करायचं. बारीक माणसाला ३ ते ५ टक्केही पुरतात. ६५ किलोच्या मुलासाठी म्हणजे २ ते ३ किलो, तेही सावकाश. उपाशी राहून धाडकन वजन उतरवलं तर लिव्हर उलट बिघडू शकतं. लिव्हर 'डिटॉक्स'चे काढे रील बघून मागवू नका. काही जडीबुटींनी लिव्हर खराब होऊन लोक ॲडमिट झालेत.

पुढच्या भागात सोनोग्राफीआधी उपाशी का राहायला सांगतात, ते बोलू. पित्ताशयाची भानगड आहे ती. चला, भेटू!