नाव गाळलेला खलाशी



आज एका पोराबद्दल बोलायचंय. डोरिस मिलर. नाव बायकी वाटतं म्हणून हसू नका. सगळे त्याला डोरी म्हणायचे. १९१९ साली अमेरिकेत, टेक्सासमधल्या वेको गावी जन्मला. आईबाप दुसऱ्याची जमीन वाट्यानं कसणारे.

१९३९ मध्ये तो आरमारात शिरला. नव्यानं भरती होणाऱ्या काळ्या पोराला तिथं एकच दार उघडं : मेसचं. गोऱ्या अफसरांना जेवण वाढायचं, त्यांचे बिछाने आवरायचे, कपडे धुलाईला न्यायचे. बंदूक गोऱ्याची, बशी काळ्याची. मी स्वतः एका कॅन्टीनमध्ये दोन वर्षं टेबलं पुसलीत. साहेब बशी घेतो, तोंडाकडे बघत नाही. त्यामुळं डोरीची गोष्ट कळली तेव्हा मला आधी ती बशीच दिसली.

७ डिसेंबर १९४१. पर्ल हार्बर. ‘वेस्ट व्हर्जिनिया’ ही युद्धनौका. सकाळी डोरी धुण्याचे कपडे गोळा करतोय, तोच धोक्याचा इशारा झाला. जपानी विमानं! त्याची नेमलेली जागा टॉर्पेडोनं उडालेली. मग जखमींना उचलून नेलं. मरणाला टेकलेल्या कॅप्टनला हलवायला त्यालाच वर नेलं; पोरगा अंगानं दांडगा होता. आणि मग त्यानं विमानविरोधी मशीनगन धरली. ती चालवायला त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. मेसवाल्याला कशाला शिकवतील? तरी गोळ्या संपेपर्यंत चालवली.

शौर्याच्या यादीत तो आला ‘एक निग्रो’ म्हणून. नाव गायब. ‘पिट्सबर्ग कूरियर’सारख्या काळ्यांच्या पत्रांनी रान उठवलं, तेव्हा मार्च १९४२ मध्ये नाव बाहेर पडलं. २७ मे रोजी अ‍ॅडमिरल निमिट्झनं छातीवर नेव्ही क्रॉस लावला. तो मिळवणारा हा पहिला काळा. सभांतून फिरवला, पोस्टरवर छापला. पोस्टरवर वीर, आणि जहाजावर? बढती मिळाली ती आचाऱ्याची!

आपल्याला हे नवं नाही. १८९२ मध्ये महारांची भरती बंद. १९१७ मध्ये युद्धाला माणसं हवीत, म्हणून पलटण उभी. १९२१ मध्ये मोडली. १९४१ मध्ये, डोरीनं गन धरली त्याच वर्षी, पुन्हा महार रेजिमेंट. गरज पडली की शूर, गरज सरली की महार.

२४ नोव्हेंबर १९४३. पहाट. पॅसिफिकमध्ये माकिन बेटाजवळ ‘लिस्कम बे’ या विमानवाहू जहाजाला जपानी पाणबुडीचा टॉर्पेडो लागला. आतला बॉम्बसाठा फुटला. सहाशेहून जास्त माणसं गेली. डोरी त्यातच. वय २४. प्रेतसुद्धा मिळालं नाही. ७ डिसेंबरला, पर्ल हार्बरला बरोबर दोन वर्षं झाली त्या दिवशी, आईबापाला निरोप गेला : पोरगा बेपत्ता.

२०२० मध्ये अमेरिकेनं एका नव्या विमानवाहू जहाजाला त्याचं नाव द्यायचं ठरवलं. ठीक झालं. पण ‘लिस्कम बे’वर त्याच्यासारखे आणखी काळे मेसवाले होते. बशा धुणारे, बिछाने आवरणारे. त्या पहाटे तेही बुडाले. त्यांचं पोस्टर कुणी छापलं नाही.