आधी विचारा, मग टोचा





स्वागताध्यक्षानं गावाची थोरवी गायची असते, तो रिवाज पाळतो. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथं सांगलीत 'सीतास्वयंवर' रंगवलं, म्हणून आम्ही नाट्यपंढरी. हळदीची पेठ आमची, भडंगही आमचंच. पण एचआयव्हीच्या परिषदेला कुणी भडंगासाठी येत नाही. १९९२ साली मीना शेषू यांच्या 'संग्राम' या संस्थेनं इथं काम सुरू केलं आणि निरोध वाटायचं काम धंदा करणाऱ्या बायकांच्याच हाती आलं. १९९६ साली त्यांची स्वतःची वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी राहिली. गिऱ्हाईक कधी ऐकतं, कधी हातघाईवर येतं, पोलिस कुठल्या गल्लीत उभा असतो, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

आता निरोधाच्या जोडीला नवी साधनं आली आहेत. संसर्गाआधीच घ्यायची रोजची गोळी आहे आणि सहा महिन्यांतून एकदा टोचायचं लेनाकॅपाविर आहे. २०२४ साली दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या चाचणीत हे इंजेक्शन घेणाऱ्या २,१३४ मुली-बायकांपैकी एकीलाही लागण झाली नाही. त्याच वर्षी ते स्वस्तात बनवण्याचे परवाने ज्या कंपन्यांना मिळाले, त्यांत आपल्या पुण्याची एमक्युअरही आहे. आनंदाचीच गोष्ट आहे. मला काळजी आहे ती औषध वस्तीत कसं पोहोचणार याची.

रोजच्या गोळीची आफ्रिकेतली 'व्हॉइस' चाचणी इथल्या अनेकांना ठाऊक असेल. पाच हजारांवर बायका होत्या. बहुतेकींनी गोळ्या घेतो म्हणून सांगितलं. रक्त तपासलं तेव्हा दोन औषधांच्या एकत्रित गोळीच्या गटातल्या जेमतेम २९ टक्के नमुन्यांत औषध सापडलं. बायका खोटं बोलल्या, असं म्हणून हात झटकणं सोपं आहे. नंतर विचारपूस झाली तेव्हा कळलं, की घरात गोळ्यांची डबी दिसली की हिला रोग आहे असाच बोभाटा होई. ही विचारपूस आधी झाली असती तर? कंबोडियात तर २००४ साली अशाच एका चाचणीआधी धंद्यातल्या बायकांनी उघड विचारलं, की गोळीचा त्रास झाला तर पुढची वर्षं आमचा इलाज कोण करणार? नीट उत्तर मिळालं नाही. सरकारनं चाचणी सुरू होण्याआधीच बंद केली.

याउलट कोलकात्याची 'दरबार' आणि म्हैसूरची 'अशोदया', या धंद्यातल्या बायकांच्याच संघटना. तिथं आधी वस्तीत चर्चा झाली, मग गोळी आली, आणि पाठपुरावाही बायकांनीच केला. १,३२५ जणींत एकही नवी लागण नाही. तुलनेचा गट नव्हता, हे संशोधक मंडळी मला लगेच सुनावतील. मान्य. पण गोळ्या घेतल्या गेल्या, हे तर खरं ना?

म्हणून यजमान या नात्यानं एक हट्ट धरतो. दुपारच्या सत्रात इंजेक्शनवर चर्चा आहे. त्यात पहिला अर्धा तास वस्तीतल्या कार्यकर्त्यांचा राहील. तज्ज्ञांनी तोवर फक्त ऐकावं आणि टिपून घ्यावं. कार्यक्रमपत्रिकेत तसा बदल आम्ही परस्पर केला आहे, त्याबद्दल रागवायचं असेल तर जेवणानंतर रागवा.

अध्यक्षांनी परिषदेचं कामकाज सुरू करावं, ही विनंती.